वर्षानुवर्षं उभी असलेली मोटारसायकल पुन्हा चालू करताना: किक मारण्याआधीची आणि नंतरची कामं

बंद पडून राहिलेली मोटारसायकल ताब्यात आली की पहिला मोह होतो तो किक मारून बघण्याचा. तो टाळा. चार-पाच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेल उरलेलं नसतं. लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंज धरलेला असू शकतो आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे तो ज्यात सरकतो त्या नळीत, अडकून बसलेला असू शकतो. अशा इंजिनाला जोरात किक बसली की रिंग तुटते, लायनरवर ओरखडे उठतात, नाहीतर किकचा गिअरच मोडतो. गाडी उभी राहून जेवढी खराब झालेली नसते, तेवढी घाईच्या पहिल्या दहा किकांनी होते.

दुसरा मोह उलट्या टोकाचा असतो, सगळी गाडी खोलून टाकण्याचा. तोही आवरा. सुटे भाग खोक्यांत भरून ठेवलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच पुन्हा कधी जोडल्याच जात नाहीत. आधी इंजिन हाताने फिरतं का ते बघायचं, मग ते चालू करायचं, मग ब्रेक आणि चाकं, आणि रंग-क्रोम सर्वांत शेवटी. इंजिनाचा निकाल लागेपर्यंत टायर, सीट किंवा रंगावर खर्च करू नका.

पाहणी आणि खोलण्याची तयारी

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी जुळतात का ते सगळ्यात आधी तपासा. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. या लेखातले आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच सापडेल.

साइड कव्हर, सीट आणि एअर फिल्टरचा डबा उघडून आत बघा. उंदरांना फिल्टरचा डबा फार आवडतो, आणि सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. फोमचा फिल्टर जुना झाला की बोटाने दाबल्यावर त्याचा चुरा होतो. हा चुरा कार्बोरेटरमधून थेट इंजिनात जातो, म्हणून असा फिल्टर धुण्याच्या भानगडीत न पडता फेकून द्या.

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा, विशेषतः वायरिंग, केबल आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून कशा गेल्या आहेत त्यांचे. बोल्ट निघाले की लहान पिशव्यांत घालून वर नाव लिहा.

गंजलेल्या बोल्टवर जोर लावण्याआधी गंज सैल करणारं तेल मारून रात्रभर थांबा. सोडवताना आधी किंचित घट्ट करून मग उलटं फिरवा, गंजाची पकड तिथेच सुटते. जपानी धर्तीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने सोडवले की त्यांची डोकी गोल होतात. त्यांना जे.आय.एस., म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू फारच बसले असतील, तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम दुपटीने वाढतं. उष्णता देऊनही बोल्ट सुटतो, पण टाकी आणि कार्बोरेटर गाडीवरून उतरवून लांब नेल्याशिवाय ज्योत पेटवू नका.

इंजिन हाताने फिरवणं

प्लगच्या भोवतीची खोबण ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा, नाहीतर प्लग काढताच तिथली माती सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढून भोकातून ५ ते १० मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी इग्निशन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर घ्या, सर्वांत वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा. प्लग काढलेलाच असू द्या, म्हणजे दाबाचा अडथळा येत नाही आणि जास्तीचं तेल बाहेर पडायला वाट राहते. चाकाला सारखा, मऊ विरोध जाणवला तर ठीक. मध्येच कडक अडकत असेल तर जोर लावू नका, मागे-पुढे हलवून अंदाज घ्या. व्हॉल्व्ह अडकला असेल, तर पिस्टन वर येताना त्याला ठोकतो.

पिस्टन अजिबात हलत नसेल तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून प्लगच्या भोकातून ओता. हे मिश्रण झटकन पेट घेतं, तेव्हा मोकळ्या हवेतच काम करा. ॲसिटोन उडून जातो, म्हणून दर दिवसाआड थोडं नवीन घाला. पातळी खाली जाऊ लागली की द्रव रिंगांच्या फटीतून उतरतोय असं समजा. ते चांगलंच लक्षण आहे, मात्र हा द्रव शेवटी क्रँककेसमधल्या तेलात मिसळतो, त्यामुळे ते तेल नंतर काढावंच लागतं. रोज एकदा चाक हलवून बघा. आठवडा लागला तरी लागू द्या. धक्का स्टार्टने किंवा दुसऱ्या गाडीने ओढून जाम इंजिन सोडवायला गेलात तर कनेक्टिंग रॉड वाकायची तयारी ठेवा. पिस्टन दोन मिलिमीटर जरी हलला तरी तेवढ्याच टप्प्यात मागे-पुढे करत राहा, टप्पा आपोआप वाढतो.

मोकळं झाल्यावर बारीक एंडोस्कोप कॅमेरा मिळाला तर भोकातून लायनर बघा. तपकिरी डाग चालतात. नखाला लागेल इतका खड्डा असेल तर ब्लॉक उतरवून बोअर करावा लागेल.

नंतर प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवून, किक मारत सिलिंडरमधला दाब मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगची टोपी जुन्या प्लगला लावून तो प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. करंट असा इंजिनाच्या धातूला न जोडता किक मारली तर कॉइल आणि सी.डी.आय. युनिट, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, खराब होऊ शकतं. बऱ्याच निरोगी चारस्ट्रोक इंजिनांत १२५ ते १७५ पी.एस.आय.च्या आसपास दाब मिळतो. १०० च्या खाली असेल तर चमचाभर तेल सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजा. दाब चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह. फक्त एक लक्षात ठेवा: काही इंजिनांत किक सोपी जावी म्हणून दाब सोडणारी यंत्रणा असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फटही याच वेळी, इंजिन थंड असताना तपासून घ्या.

तेल

जुनं तेल काळं दिसलं नाही तरी काढा, त्यात ओलावा आणि आम्लं साचलेली असतात. दुधी किंवा कॉफीच्या रंगाचं निघालं तर पाणी शिरलेलं आहे. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला, फिल्टर बदला, जाळी असेल तर धुऊन बसवा. क्लच तेलातच फिरणारा असेल तर डब्यावर जे.ए.एस.ओ. एम.ए. किंवा एम.ए.२ हा मोटारसायकलच्या तेलाचा दर्जा लिहिलेलंच तेल घ्या. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो.

इंजिन चालू करायच्या आधी टॅपेटचं झाकण उघडून, प्लग काढलेला ठेवून, शांतपणे किक मारत राहा. वर हेडपर्यंत तेल पोचलेलं दिसलं की मगच झाकण लावा.

टाकी

जुन्या पेट्रोलमधले हलके घटक उडून गेलेले असतात आणि मागे आंबूस वासाचा, चिकट होत जाणारा द्रव उरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि टाकी गंजायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून जुन्या पेट्रोलवर नवीन ओतू नका, सगळं काढून टाका.

बॅटरीचा टॉर्च घेऊन टाकीत बघा. हलका लालसर रंग असेल तर नवीन पेट्रोलने दोनदा विसळून काम भागतं. पापुद्रे सुटत असतील तर साफसफाई करावीच लागेल. कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, आणि पातळी दाखवणारा फ्लोटचा सेन्सर काढा, भोकं रबर आणि पत्र्याने बंद करा. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. पेट्रोलचा चिकट थर निघाला नाही तर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. सुटे पापुद्रे निघायला जुन्या चेनचा तुकडा आत टाकून टाकी हलवा. नट टाकायचे असतील तर मोजून टाका आणि मोजून काढा.

मग दर लिटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर वरचा भाग गंजलेलाच राहतो. बारा ते चोवीस तास ठेवा, अधूनमधून बघत राहा. वायू तयार होतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका. बाहेरच्या रंगावर थेंब पडला तर लगेच धुवा. टाकीला आतून आधीच कोटिंग केलेलं असेल तर हा प्रकार करू नका, अर्धवट सुटलेलं कोटिंग पुढे कॉक बंद पाडतं.

पाणी ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, मग साध्या पाण्याने, आणि क्षणभरही न थांबता वाळवायला घ्या. उघडा पडलेला लोखंडी पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस पडायला लागतो. हवेच्या झोताने कोरडी झाली की ५० मिलिलिटर इंजिन ऑइल टाकून सगळीकडे फिरवा. गंज निघाल्यावर जोडाच्या रेषेवर सुईएवढी छिद्रं उघडी पडणं नेहमीचंच आहे. रिकाम्या टाकीतल्या पेट्रोलच्या वाफांचा स्फोट होऊ शकतो, त्यामुळे झाळकामाला ती घरी हात लावायची वस्तू नाही.

कॉकची जाळी आणि रबरी वॉशर बदला. पेट्रोलची नळी वाकवून बघा, तडे दिसले किंवा कडक झाली असेल तर नवीन घ्या. पेट्रोल फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरच्या दिशेने हवा.

कार्बोरेटर

बंद गाडी चालू न होण्याचं सर्वांत मोठं कारण इथे असतं, आणि तेही पायलट जेटमध्ये, म्हणजे हलक्या गतीवर पेट्रोल पुरवणाऱ्या पितळी तुकड्यात. या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतं. गाडी उभी असताना बाउलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं, पेट्रोल आटतं आणि वार्निशसारखा पिवळसर थर नेमका या भोकात बसतो.

हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. बहुतेक कार्बोरेटरांत हा आकडा दीड ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान असतो. जोरात आवळलात तर स्क्रूचं टोक तुटून भोकात अडकतं. स्क्रूच्या मागची स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग सहज हरवतात, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरून काम करा.

फ्लोट, निडल, मेन जेट, पायलट जेट, सगळ्या ओ-रिंगा आणि रबराचा डायफ्रॅम काढून बाजूला ठेवा. कार्बोरेटर क्लीनरने रबर फुगतं, त्यामुळे रबर आत असताना फवारा मारायचा नाही. डायफ्रॅम उजेडासमोर ताणून बघा, टाचणीएवढं छिद्रही पिकअप घालवतं.

जेट क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. पोलादी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. नायलॉनचा दोरा किंवा मऊ तांब्याच्या वायरीची एक तार चालते. जेट डोळ्यासमोर, खिडकीच्या उजेडाकडे धरा. प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल दिसला तर जेट साफ झाला. चंद्रकोर दिसली तर कडेला राळ अजून आहे, पुन्हा भिजवा. जेटइतकेच महत्त्वाचे असतात कार्बोरेटरच्या अंगातले मार्ग. प्रत्येक भोकात क्लीनर मारून तो दुसरीकडे कुठून बाहेर येतो ते बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच, क्लीनर उलटा उडतो.

जोडताना ओ-रिंगा आणि बाउलचं गॅस्केट नवे घाला. मग कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंका. फ्लोटच्या वजनाने निडल बंद असते, हवा जाता कामा नये. जात असेल तर निडलच्या टोकाला खाच पडलेली आहे, आणि गाडीवर बसवल्यावर पेट्रोल ओव्हरफ्लो होणार. शेवटी इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी जोड तपासा. त्याला तडा असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडलिंग बसत नाही.

फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटरऐवजी टाकीतला पंप आणि त्याची जाळी हे दुखणं असतं. चावी लावल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज आला पाहिजे. पाइप सोडवण्याआधी आतला दाब मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे उतरवून घ्या.

करंट आणि बॅटरी

वर्षानुवर्षं पडलेली लेड-ॲसिड बॅटरी सहसा वाचत नाही. बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या वर राहिली तरच उपयोगाची. १०.५ च्या आसपास थांबत असेल तर एक सेल गेलेला आहे. चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या भागाने करा, म्हणजे ५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा ॲम्पिअर.

प्लग नवाच घाला, तो स्वस्तातला विमा आहे. फट बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. प्लग टोपीत घालून त्याचं अंग हेडच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकावर फडकं ठेवा आणि किक मारा. निळा, टचटच वाजणारा करंट हवा. मिळमिळीत नारिंगी ठिणगी दाबाखाली विझते. करंटच नसेल तर कॉइल बदलायला धावू नका. आधी हँडलवरचा किल स्विच आठ-दहा वेळा चालू-बंद करा, त्याच्या पत्र्यांवर हिरवट थर साचतो. मग चावीचा स्विच, फ्यूज, चॅसीला जोडलेली अर्थिंगची वायर आणि साइड स्टँडचा स्विच. पॉइंटवाल्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पत्र्यांनी ठिणगी पाडणाऱ्या, जुन्या गाड्यांत पॉइंटचे माथे बारीक कागदाने पुसून फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवली की बऱ्याचदा करंट परत येतो.

उंदरांनी कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नका, डाग देऊन वर श्रिंक ट्यूब चढवा. फ्यूज उडत असेल तर मोठ्या ॲम्पिअरचा घालणं म्हणजे वायरिंग जाळण्याची सोय.

पहिला स्टार्ट

गाडी उघड्यावर घ्या, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. आग विझवण्याचं साधन हाताशी ठेवा. लिटरभर ताजं पेट्रोल घाला, कॉक उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा, कुठे गळत नाही ना.

चोक लावा, थ्रॉटलला हात लावू नका, किक मारा. चालू झाल्यावर लगेच रेस देण्याची सवय असते, ती इथे महाग पडते. पहिला मिनिटभर इंजिन हलक्या गतीवरच राहू द्या. सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळत असल्यामुळे सुरुवातीला भरपूर धूर येतो, काही मिनिटांत कमी होतो. निळा धूर गरम झाल्यावरही टिकला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. हवेने थंड होणारं इंजिन उभ्या गाडीवर तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका.

चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते? पायलट जेट पुन्हा साफ करा. दहा मिनिटं चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पुन्हा चालू होते? झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. प्लग ओला निघतो तर पेट्रोल जास्त जातंय किंवा करंट कमी आहे, पांढराफटक निघतो तर कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय. टू-स्ट्रोक गाडीत आयडलिंग आपोआप चढत गेलं तर ताबडतोब बंद करा. तिथे क्रँकचं सील सुकून हवा ओढतंय, आणि पेट्रोल कमी, हवा जास्त अशा मिश्रणावर पिस्टन जाम होतो.

बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून थोडी रेस द्या. १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बदला, नाहीतर नवी बॅटरी उकळेल.

पहिल्यांदा गिअर टाकताना क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतील तर गाडी उडी मारते. आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, गिअरमध्ये गाडी मागे-पुढे ढकलून प्लेटा सुटतात का बघा.

ब्रेक

इंजिन चालू झालं म्हणून रस्त्यावर नेऊ नका. डिस्क ब्रेकचं तेल ओलावा शोषतं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. गरम ब्रेकमध्ये ते उकळलं की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. टोपीवर लिहिलेल्या दर्जाचंच तेल घाला, सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

कॅलिपरचा पिस्टन अडकला असेल तर नळी सोडवण्याआधी ब्रेकचाच लिव्हर दाबत तो बाहेर काढा, बोटं मध्ये ठेवू नका. सील नवी, पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही नवा. ब्रेक लागल्यावर सुटत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या तळातलं बारीक परतीचं छिद्र बघा, ते बुजलेलं असतं. रबरी होस मधून फुगत असेल तर बदला. ब्रेक तेल रंग खातं, टाकी झाकून काम करा.

ड्रम ब्रेकमध्ये शूचं अस्तर धातूपासून सुटलेलं असू शकतं. सुटलेला तुकडा मध्ये अडकला की चाक जागीच थांबतं. धूळ हवेने उडवू नका, जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. कॅमच्या दांड्याला किंचित ग्रीस लावा, अस्तराला लागू देऊ नका.

चाकं, चेन, हँडल

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाका, त्याआधीही तडे दिसले तर तेच. ट्यूब आणि रिमवरची पट्टी सोबतच बदला.

मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. नव्या स्प्रॉकेटवर जुनी चेन घातली तर नवे दातही लवकर झिजतात. पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे हळू फिरवा. सरळ रेषेत आल्यावर खाच लागल्यासारखं थांबत असेल तर हँडलच्या बेअरिंगला खड्डे पडले आहेत. फोर्कच्या नळ्यांवर सील घासतं तिथे गंज असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळेल, आधी नळीचं बघा.

पहिले दोनशे किलोमीटर

पहिली फेरी मोकळ्या जागेत, कमी वेगाने, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघत करा. परत आल्यावर चाकांचे हब हाताने चाचपा. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक अर्धवट लागलेला राहतोय किंवा बेअरिंग गेलंय. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर झाले की तेल पुन्हा बदला, आतला सगळा मळ या तेलात उतरलेला असतो. त्याच वेळी फिल्टरचा काच-कप किंवा जाळी उघडून टाकीतून आलेला गंज काढा, स्पोक वाजवून ढिले शोधा, हेडचे आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट थंड असताना टॉर्क पान्याने तपासा. चेनचा झोल आणि टॅपेटची फट दोनशे किलोमीटरला पुन्हा बघा, दोन्ही सुरुवातीला सरकतात.